आधी आकडा, मग नावं : हुकूम क्रमांक ००४४७ची पार्श्वभूमी

मॉस्कोच्या 'त्रूद' या कामगारांच्या दैनिकानं ४ जून १९९२ रोजी स्टालिनच्या दहशतीतला, पंचावन्न वर्षं जुना एक सरकारी हुकूम छापला. कुठल्या प्रांतात किती माणसांना गोळी घालायची आणि किती जणांना छावणीत पाठवायचं, हे त्यात ठरवलं होतं. तारीख ३० जुलै १९३७, सही गृहखात्याचा प्रमुख निकोलाय येझोव याची, क्रमांक ००४४७. क्रमांकाआधीची दोन शून्यं म्हणजे 'अतिगोपनीय'. सोव्हिएत संघ मोडून तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

तोवर १९३७ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मॉस्कोचे जाहीर खटले यायचे. ऑगस्ट १९३६ मध्ये झिनोव्येव आणि कामेनेव हे जुने पक्षनेते, मार्च १९३८ मध्ये बुखारिन, आणि मधल्या काळात, बंद दाराआड, लाल सेनेचे सेनापती. क्रांतीनं आपलीच लेकरं खाल्ली, असा एकूण समज होता. तो स्टालिननंतर सत्तेवर आलेल्या ख्रुश्चॉव्हच्या फेब्रुवारी १९५६ च्या भाषणानं आणखी पक्का केला, कारण त्यात स्टालिननं मारलेल्या पक्षनिष्ठांचीच यादी होती. हा हुकूम हाती आल्यावर चित्र उलटं झालं. मेलेल्यांतले बहुसंख्य पक्षाचे नव्हतेच. ते शेतकरी, गाडीवान, हमाल, रेल्वेचे कामगार, खेड्यातले पाद्री होते, म्हणजे ज्यांचं नाव वर्तमानपत्रात कधी आलं नव्हतं असे. आणि त्यांची नावं ठरण्याआधी त्यांची संख्या ठरली होती. हुकुमातच तक्ता होता, प्रांतवार, दोन रकान्यांचा.

सर्वंकष सत्तेबद्दल बोलताना आपण पुतळे, संचलनं, लाउडस्पीकर यांवरच फार बोलतो. खरं काम टेबलावर चालतं. मुसोलिनीनं 'सर्वंकष राज्य' हे शब्द अभिमानानं मिरवले. त्याच्या राजकीय गुन्ह्यांसाठीच्या खास न्यायालयानं १९२७ ते १९४३ या काळात ४२ जणांना देहदंड सुनावला आणि त्यांतल्या ३१ जणांना तो दिला गेला. (लिबिया आणि इथिओपियात त्याच्या फौजांनी केलेल्या कत्तली यात धरलेल्या नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा आणि फार मोठा आहे.) ओम्स्क या सायबेरियातल्या एका प्रांताच्या त्रिकुटानं, म्हणजे शिक्षा ठरवणाऱ्या तिघांच्या मंडळानं, १० ऑक्टोबर १९३७ या एका दिवसात १,३०१ माणसांचे निकाल लावले. दहा तास अखंड बैठक धरली तरी माणशी अर्धं मिनिटही येत नाही. हे जमवायला क्रौर्य पुरत नाही, आधी दप्तर तयार असावं लागतं.

ते दप्तर तयार व्हायला सात वर्षं लागली होती.

पक्षाच्या पॉलिटब्यूरोनं ३० जानेवारी १९३० रोजी 'कुलाक' म्हणजे सधन शेतकरी या वर्गाचा निकाल लावायचा ठराव केला, तेव्हाच वर्ग आणि आकडे ही पद्धत रुजली. कुलाकांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गात ६०,००० कुटुंबप्रमुख, त्यांना छावणी किंवा गोळी. दुसऱ्यात दीड लाख कुटुंबं, त्यांना उत्तरेत, सायबेरियात, उरलमध्ये हद्दपारी. सधन म्हणजे किती सधन, हे मात्र कुणी धड सांगितलं नाही. दोन गायी आणि पत्र्याचं छप्पर एवढ्यावरही भागत असे. आकडा दिला की तो ओलांडण्याची चढाओढ लागते, हेही इथंच दिसलं. १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत प्रत्यक्षात ३,८१,०२६ कुटुंबं, म्हणजे अठरा लाखांवर माणसं हलवली गेली. त्यांतले कित्येक वाटेत आणि पहिल्या हिवाळ्यात मेले, आणि लाखो पळाले. पळालेले शहरांत, खाणींत, बांधकामांवर नाव लपवून राहिले. इकडे पोलिसांच्या कार्डपेट्यांत त्यांची कार्डं तशीच पडून होती.

२७ डिसेंबर १९३२ ला देशांतर्गत पासपोर्ट आला. शहरवासीयांना तो मिळाला, सामुदायिक शेतीवरच्या शेतकऱ्यांना सहसा नाही. त्यामुळे कोण कुठला हे शोधणं सोपं झालं. मग १ डिसेंबर १९३४ रोजी लेनिनग्राडमध्ये पक्षनेता किरोव्हचा खून झाला आणि त्याच दिवशी नवा कायदा निघाला. दहशतवादाच्या आरोपाचा तपास दहा दिवसांत, आरोपपत्र आरोपीच्या हाती सुनावणीआधी फक्त २४ तास, वकील नाही, अपील नाही, दयेचा अर्ज नाही, शिक्षा लगेच. तीन वर्षांनी आलेल्या त्रिकुटांच्या मानानं ही पद्धत सोज्वळच म्हणायची, कारण तिच्यात आरोपी निदान न्यायाधीशांसमोर उभा तरी असे.

आणखी एक कागद यात महत्त्वाचा आहे, तो जानेवारी १९३७ च्या जनगणनेचा. देशाची लोकसंख्या १९३३ अखेर १६ कोटी ८० लाख असल्याचं स्टालिननं पक्षाच्या अधिवेशनात सांगितलं होतं. जनगणनेत ती १६ कोटी २० लाख भरली. मधली तूट बरीचशी १९३२-३३ च्या दुष्काळाची होती, ज्या दुष्काळाचं नाव घ्यायलाही बंदी होती. त्यातच धर्माचा प्रश्न विचारला होता. सोळा वर्षांवरच्या लोकांपैकी निम्म्याहून अधिकांनी आपण श्रद्धाळू असल्याचं सरकारी गणकाला सांगितलं. जनगणना सदोष ठरवून गुंडाळण्यात आली. जनगणना खात्याचा प्रमुख ओलिंपी क्वितकिन याला त्याच वर्षी सप्टेंबरात गोळी घालण्यात आली. मोजून आलेला आकडा गुन्हा ठरला, आणि त्याच उन्हाळ्यात वरून ठरवलेले आकडे कायद्यासारखे खाली पाठवले जात होते.

हे सगळं १९३७ च्या जुलैतच का पेटलं? एक कारण परदेशात होतं. स्पेनमध्ये यादवी चालू होती, पूर्वेला जपान आणि पश्चिमेला जर्मनी युद्धाच्या तयारीत होते, आणि युद्ध पेटलं की आतले शत्रू उठतील ही स्टालिनची धास्ती होती. दुसरं कारण घरचं, आणि काहीसं विचित्र. ५ डिसेंबर १९३६ च्या नव्या राज्यघटनेनं सगळ्यांना समान आणि गुप्त मतदानाचा हक्क दिला होता, त्यात जुने कुलाक आणि पाद्रीही आले. निवडणूक ठरली १२ डिसेंबर १९३७ ला. छावणीतून सुटून आलेला माणूस गुप्त मतपेटीत काय टाकेल, या चिंतेनं प्रांतोप्रांतीचे पक्षसचिव हैराण होते आणि तसं ते वर कळवत होते. पश्चिम सायबेरियाचा सचिव रॉबर्ट आइखे याच्या प्रांतासाठी २८ जूनलाच खास त्रिकूट मंजूर झालं. काही अभ्यासक यावरून असं मांडतात की दहशतीची मागणी खालून आली. मला ते पटत नाही. खालून कुरकुर आली हे खरं, पण मुदत, तक्ता, पैसा आणि मंजुरी सगळं वरूनच आलं.

२ जुलैला पॉलिटब्यूरोनं ठराव केला आणि स्टालिनच्या सहीची तार सगळ्या प्रांतांना गेली. परत आलेल्या कुलाकांची आणि गुन्हेगारांची मोजणी करा, सर्वांत धोकादायक असतील त्यांना गोळी, बाकीच्यांना हद्दपारी. त्रिकुटात कोण असेल आणि दोन्ही वर्गांत किती माणसं बसतील, हे पाच दिवसांत कळवा. पाच दिवसांत एखाद्या प्रांतातल्या धोकादायक माणसांची मोजदाद कशी होणार? कार्डपेट्या उपसून आणि अंदाजानं, दुसरं काय. १० जुलैला मॉस्को प्रांताच्या सचिवाचं उत्तर गेलं : एकूण ४१,३०५, त्यांतले पहिल्या वर्गात ८,५०० आणि दुसऱ्यात ३२,८०५. सचिवाचं नाव निकिता ख्रुश्चॉव्ह.

शेवटच्या हुकुमात हे सगळे आकडे गोल झाले. मॉस्को प्रांताला ५,००० आणि ३०,०००. लेनिनग्राडला ४,००० आणि १०,०००. पश्चिम सायबेरियाला ५,००० आणि १२,०००. काल्मिकियासारख्या छोट्या प्रदेशाला १०० आणि ३००. पहिला वर्ग म्हणजे गोळी, दुसरा म्हणजे आठ ते दहा वर्षं छावणी. छावण्यांत आधीच असलेल्या कैद्यांतल्या १०,००० जणांनाही पहिल्या वर्गात घातलं होतं. बेरीज : पहिला वर्ग ७५,९५०, दुसरा १,९३,०००, एकूण २,६८,९५०. काम ५ ऑगस्टला सुरू करायचं, मध्य आशियात १० तारखेला, अतिपूर्वेकडे आणि पूर्व सायबेरियात १५ तारखेला, आणि चार महिन्यांत संपवायचं. चार महिने मोजले की डिसेंबरचा पहिला आठवडा येतो, म्हणजे मतदानाच्या अगदी तोंडावर. खर्चाला साडेसात कोटी रूबल मंजूर झाले, त्यांतले अडीच कोटी रेल्वेभाड्याचे.

हुकुमाची भाषा बारकाईनं पाहण्यासारखी आहे. त्या आकड्यांना रशियनमध्येही 'लिमित', म्हणजे मर्यादा, असाच शब्द होता. प्रांताच्या अधिकाऱ्यानं आपल्या मनानं तो वाढवायचा नाही, वाढ हवी असेल तर कारणांसह मागणी करायची. कमी करायला मात्र मोकळीक होती, आणि पहिल्या वर्गातून दुसऱ्यात माणूस ढकलायलाही. म्हणजे कागदावर दयेची वाट खुली होती. पण कमी आकडा भरणं म्हणजे शत्रूला पाठीशी घालणं, हे प्रत्येक अधिकाऱ्याला न सांगता कळत होतं, म्हणून त्या वाटेनं सहसा कुणी गेलं नाही. दर पाच दिवसांनी मॉस्कोला अहवाल जाई.

काम असं चाले. कार्डावरून नाव काढायचं, त्यावर छोटं टिपण, अधिकाऱ्याची सही, की अटक. तपास 'जलद आणि सोपा' असावा असं हुकुमातच लिहिलं होतं. फाइलीत लागत काय, तर अटकेचा कागद, झडतीचा पंचनामा, ओळखीचा छापील फॉर्म, जबाब आणि छोटंसं आरोपपत्र. गावच्या सोव्हिएतचा (ग्रामसमितीचा) दाखलाही जोडत : बाप कोण, जमीन किती होती, पूर्वी शिक्षा झाली होती का. हा दाखला पुष्कळदा मागाहून आणि मागची तारीख टाकून घेतलेला असे. साक्षीदार लागले तर ते ठरलेले, आपल्याकडच्या पोलिसी पंचांसारखे, एकाच माणसाच्या सह्या डझनावारी फाइलींवर. गुन्हा बहुतेक कलम ५८ च्या दहाव्या पोटकलमाखालचा, सोव्हिएतविरोधी प्रचार. सामुदायिक शेतीवर भाकरी पुरत नाही, असं रांगेत बोललेलं वाक्यही त्यात बसे.

मग फाइल त्रिकुटाकडे. गृहखात्याचा प्रांतप्रमुख, पक्षाचा सचिव आणि सरकारी वकील. कार्यवृत्ताच्या पानावर दोन रकाने छापलेले असत, डावीकडे 'ऐकलं', उजवीकडे 'ठरवलं'. डाव्या रकान्यात आरोपीचं नाव, जन्मसाल, गाव आणि आरोप. तो स्वतः तिथं नसे. गोळी ठरली तर त्याला ती सांगायचीही नाही, अशी वेगळी सूचना ८ ऑगस्टला निघाली. मॉस्कोजवळच्या बुतोवोच्या मैदानावर लोकांना रात्री गाड्यांतून आणत, तुरुंगातल्या फोटोशी चेहरा जुळवत आणि यंत्रानं आधीच खणून ठेवलेल्या चरांपाशी नेत. ऑगस्ट १९३७ ते ऑक्टोबर १९३८ या काळात एकट्या त्या मैदानावर वीस हजारांहून अधिक माणसं मारली गेली. प्रत्येकाचा अंमलबजावणीचा कागद, तारखेसह, नीट जपून ठेवला गेला. त्या नीटनेटकेपणामुळेच आज आकडे शेवटच्या अंकापर्यंत सांगता येतात.

यंत्रणा बिघडली ती ढिलाईनं नव्हे, उत्साहानं. ओम्स्कला पहिल्या वर्गात १,००० मंजूर होते. १३ ऑगस्टला, म्हणजे काम सुरू होऊन आठ दिवस झाले असताना, तिथल्या प्रमुखानं कळवलं की ५,४४४ जण आधीच पकडले आहेत, मर्यादा ८,००० करून मिळावी. त्याच कागदावर स्टालिनचा शेरा आहे : मर्यादा आठ हजार करायला संमती. मार्चअखेर आली की आपल्या कचेऱ्यांत मंजूर रक्कम संपवून पुढची मागण्याची जी लगबग दिसते, तीच ही, फक्त रकान्यात माणसं होती. ३१ जानेवारी १९३८ ला पॉलिटब्यूरोनं आणखी ५७,२०० मंजूर केले, त्यांत ४८,००० पहिल्या वर्गाचे. फेब्रुवारीत एकट्या युक्रेनला ३०,०००. चार महिन्यांचं काम पंधरा महिने चाललं. शेवटी या एका हुकुमाखाली ७,६७,३९७ जणांना शिक्षा झाली आणि त्यांतल्या ३,८६,७९८ जणांना गोळी घातली गेली, म्हणजे मूळ तक्त्याच्या पाचपट.

दुसरा बिघाड अधिक अंगावर येणारा होता. जुन्या कार्डपेट्या काही महिन्यांत रिकाम्या झाल्या, आकडे मात्र वाढतच होते. मग बाजारातून, स्टेशनावरून, कामगारांच्या वसाहतीतून दिसेल तो उचला. नावाचा माणूस सापडेना तर आडनाव जुळणारा आणा. जबाब आधी टंकलिखित करायचे आणि सही नंतर घ्यायची, नाही तर कोऱ्या कागदावर आधी सही. सही देत नसेल त्याला दिवसचे दिवस उभं ठेवत किंवा मारत. मारहाणीला केंद्राची परवानगी १९३७ पासूनच होती, हे स्टालिननं १० जानेवारी १९३९ च्या तारेत स्वतःच लिहून ठेवलं आहे. ओल्याबरोबर सुकंही जळालं असं म्हणायची सोय इथं नाही. कोणतं लाकूड ओलं, हे पाहणारं कुणी नव्हतंच.

तिसरा घोटाळा कागदाचाच. ११ ऑगस्ट १९३७ ला पोलिश वंशाच्या लोकांविरुद्ध हुकूम ००४८५ निघाला, जर्मनांविरुद्धचा त्याआधी जुलैतच निघाला होता, पाठोपाठ लाटव्हियन, फिनिश आणि इतरांविरुद्धही मोहिमा झाल्या. इथं आकड्याची मर्यादाच नव्हती. प्रांतात दोघांनी मिळून याद्या करायच्या, त्या बांधून मॉस्कोला पाठवायच्या आणि येझोव व महाअभियोक्ता विशिन्स्की यांनी सह्या करायच्या. आडव्या पानांच्या त्या जाड वह्यांना 'अल्बम' म्हणत. मॉस्कोत दुय्यम अधिकारी इतर कामं सांभाळून त्या चाळत, शेरे मारत, आणि सह्या सरसकट होत. तरीही १९३८ च्या उन्हाळ्यापर्यंत लाखभर माणसांचे निकाल तुंबले. तुरुंग उसासारखे कोंबलेले, साथी पसरलेल्या, आणि प्रांतांचा तगादा. अखेर १५ सप्टेंबर १९३८ ला नवी त्रिकुटं नेमली आणि दोन महिन्यांत १,०५,०३२ जणांना शिक्षा ठोठावून ७२,२५४ जणांना गोळी घातली. पोलिश मोहिमेत एकूण १,३९,८३५ जणांना शिक्षा झाली, त्यांतले १,११,०९१ मारले गेले, म्हणजे दर पाचांतले चार.

याच दोन वर्षांत मॉस्को-लेनिनग्राडमध्ये आश्रयाला असलेले भारतीय क्रांतिकारकही गेले, मात्र त्रिकुटांच्या वाटेनं नव्हे. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय लेनिनग्राडच्या मानववंशशास्त्र संस्थेत काम करत. त्यांना जुलै १९३७ मध्ये पकडलं आणि २ सप्टेंबरला गोळी घातली. अवनी मुखर्जीही त्याच वर्षी मारले गेले. चट्टोपाध्यायांच्या गटाबरोबर १९२१ मध्ये मॉस्कोला गेलेले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तिथं राहिले नाहीत. ते १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले आणि मक्याच्या आणि गव्हाच्या संशोधनात रमले. एका मराठी घराचा सुतकातून झालेला बचाव एवढाच.

१७ नोव्हेंबर १९३८ च्या ठरावानं सामूहिक अटका थांबल्या आणि त्रिकुटं मोडली. ठरावात दोष दिला तो गृहखात्यात शिरलेल्या शत्रूंना. ज्यांचे निकाल लागले होते पण गोळी घातली गेली नव्हती, त्यांचे निकाल रद्द झाले. काही ठिकाणी मात्र अधिकाऱ्यांनी घाईनं उरलेले लोक संपवून कागदावर मागची तारीख टाकली. आठवडाभरात येझोव पायउतार झाला, त्याची जागा बेरियानं घेतली. एप्रिल १९३९ मध्ये येझोवला अटक झाली आणि ४ फेब्रुवारी १९४० रोजी त्याला गोळी घातली गेली. आइखेलाही त्याच महिन्यात. ख्रुश्चॉव्हनं १९५६ च्या भाषणात आइखेच्या छळाचं पत्र वाचून दाखवलं आणि सभागृह हेलावलं. आइखे स्वतः एका त्रिकुटाचा सदस्य होता, हे त्यात नव्हतं. मॉस्कोच्या ४१,३०५ चा उल्लेखही नव्हता. त्या भाषणाला धैर्य लागलं हे मान्य, पण त्यातून काय वगळलं हे ठरवायला तक्ता माहीत असावा लागतो, आणि तो वक्त्याला पुरेपूर माहीत होता. सरकारी हिशेबानं १९३७-३८ मध्ये राजकीय गुन्ह्यांखाली १३,४४,९२३ जणांना शिक्षा झाली आणि ६,८१,६९२ जणांना गोळी.

घरच्यांना काय सांगायचं, याचीही पद्धत ठरली होती. तुरुंगाच्या खिडकीवर उत्तर मिळे : दहा वर्षं, पत्रव्यवहाराचा हक्क नाही. बायका दहा वर्षं मोजत बसल्या. ती सरत आली तेव्हा, १९४५ नंतर, माणूस छावणीत वारला असं तोंडी सांगायला सुरुवात झाली. ऑगस्ट १९५५ मध्ये केजीबीनं लेखी सूचना काढली. नातेवाइकांनी विचारलं तर अटकेपासून दहा वर्षांच्या आतली एखादी तारीख आणि एखादा आजार सांगावा, गरज पडल्यास नोंदणी कचेरीनं तसा दाखला द्यावा. त्यामुळे हजारो घरांत १९४२ चा न्यूमोनिया किंवा १९४४ चा हृदयविकार असे दाखले आहेत, ज्यांचे धनी १९३७ च्या शरदातच चरात गेले होते. १९६३ पासून खरी तारीख लिहायला परवानगी मिळाली. कारणाच्या रकान्यात मात्र नुसती रेघ ओढत. तिथं 'गोळी घातली' असं लिहिलं जाऊ लागलं ते १९८९ मध्ये.